स्थळ

ओउलूच्या श्वानगृहात बावीस वर्षं
मी कुत्र्यांसाठी घरं बघते आहे.
लोकांना वाटतं, ते कुत्रा बघायला येतात.
वाटू दे.
कॉफी पितात, जाळीपाशी ओणवतात,
निळ्या डोळ्यांवर भाळतात, फोटो काढतात.
मग मी त्यांच्या घरी जाते
स्थळाची चौकशी करायला.

दार आपटून लावतात की हात देऊन,
जेवताना कोण कुणाचं बोलणं तोडतं,
आणि उणे पंचवीसात, पहाटे पाचला,
कुत्र्याला बाहेर कोण नेणार असं विचारलं
की घरातले किती जण
एकदम खिडकीबाहेर बघायला लागतात.

एकदा माझं चुकलं.
केम्पाइनेनांच्या घरी मी मेंढ्या राखणारी कुत्री दिली,
तल्लख, पाय जमिनीवर न ठरणारी.
मेंढ्या नव्हत्या. तिनं मुलं वळली.
घरातली तीन, शेजारची दोन,
वाढदिवसाला आलेली अकरा,
सगळी सोफ्याच्या कोपऱ्यात कोंडून
स्वतः उंबऱ्यात बसली, जीभ बाहेर, कृतार्थ.
केक दुसऱ्या खोलीत.
आई हसली. सहाव्या महिन्यात हसेनाशी झाली.
परत आणली त्या दिवशी कुत्री गाडीतून उतरेना,
आणि धाकटा मुलगाही उतरेना.
त्या दोघांचं काहीच चुकलं नव्हतं.
चूक अर्जाच्या तळाशी होती,
माझ्या अक्षरात, सहीसकट.

तेव्हापासून मी घाई करत नाही.

टाइस्टो लुक्कोनेन आला जानेवारीत.
बर्फफोड्या जहाजावर इंजिन सांभाळून निवृत्त,
बोटांच्या रेघांत अजून तेल.
त्याला हवा होता शिकारी, कान ताठ, शेपटीचं वेटोळं,
चालला तर बर्फालाही कळू नये असा.
लहानपणी होता म्हणे.
पातेनिएमीत त्याचं लाकडी घर, तळमजला, सरपण नीट रचलेलं.
पत्रिका जुळली होती जवळजवळ.
तेवढ्यात आउने आली, भिंतीला बोटं लावत,
आणि किटली न बघता नेमकी उचलली.
अर्जात त्यानं लिहिलं होतं: माणसं दोन.
डोळ्यांचा रकाना अर्जात नाही.

पावलांचा आवाज नसलेला कुत्रा,
आणि उकळत्या किटलीसह चालणारी आंधळी बाई.
मी कॉफी संपवली. म्हटलं, हा नाही.

मोह्को आमच्याकडून दोनदा गेली, दोनदा परत आली.
नऊ वर्षांची, चौकोनी, शेपटी म्हणजे नुसता कोंब.
परतीचं कारण दोन्ही वेळा एकच: घोरते.
जागी असतानाही धापते,
नखं फरशीवर टकटकतात, पाणी पिते ते शेजाऱ्यांना कळतं.
टाइस्टोनं तिच्याकडे पाहिलं
जसं बिघडलेल्या पंपाकडे पाहावं.
"ही?"
आउने म्हणाली, "टेबलाखाली आहे.
आता शेगडीपाशी गेली.
आता बसली. हुश्श."

तीन महिन्यांनी नियमाप्रमाणे तपासणीला गेले.
टाइस्टो अजून रुसलेलाच. "शेपटीसुद्धा नाही," म्हणाला,
आणि तिचे पंजे पुसत राहिला,
एकेका बोटाच्या फटीतला बर्फ काढत.
मी फॉर्म भरत होते. आउनेनं विचारलं,
"रंग कोणता लिहिलास?"
"तपकिरी."

"तपकिरी नाही," टाइस्टो खालूनच म्हणाला.
"काळ्या पावाची कड असते ना,
करपायच्या जरा आधीची. ती.
आणि हनुवटीखाली पीठ सांडल्यासारखं."
आउनेनं मान हलवली. तो रंग तिला ठाऊक होता.

फॉर्मवर तेवढी जागा नव्हती.
मी समासात लिहिलं.